किटलीची मागची बाजू

आमच्या ड्रॉइंग ऑफिसातून कुणी फायनल एक्झिटवर, म्हणजे नोकरी संपवून कायमचं मायदेशी, निघालं की तो माणूस शेवटच्या आठवड्यात आपलं सामान चहाच्या टेबलावर आणून ठेवतो. ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं. राईस कुकर, इस्त्री, न वापरलेले मोजे, अर्धी बाटली मध. सौदीतल्या राबिघमधल्या आमच्यासारख्या एकट्या माणसांचा निम्मा संसार या टेबलावरून उभा राहतो. मागच्या हिवाळ्यात एक युरोपियन इंजिनिअर गेला. त्यानं कॉफीचं मशीन ठेवलं, ते ठेवल्या ठेवल्या गेलं. मशीनखाली एक जाडजूड चित्रांचं पुस्तक होतं, त्याला मात्र कुणी हात लावेना. शेवटी मी उचललं. कागद फार चांगला होता, एवढंच कारण.

पुस्तक एकाच चित्रकाराचं होतं. कुठल्या भाषेतलं, ते मला अजूनही छातीठोकपणे सांगता येणार नाही. त्याचं नावही लिहीत नाही, कारण उच्चार चुकला की माझा मुंबईतला मुलगा फोनवर हसतो. पण मजकूर न वाचताही एक कळलं, की हा माणूस आयुष्यभर स्वयंपाकघरातच बसून होता. पाण्याचा मातीचा जग, तांब्याचं पातेलं, कांदे, घडी घातलेलं फडकं. पान उलटलं की पुन्हा तेच पातेलं, फक्त कांदे दुसऱ्या बाजूला. राजा नाही, लढाई नाही, कुणाचा चेहरा नाही. मला ते बरं वाटलं. आमच्या घरात लहानपणी माणसाजनावरांची चित्रं काढू देत नसत. जीव असलेल्या गोष्टीचं चित्र आपण काढायचं नाही, असं वडिलांचं सांगणं होतं. शाळेत एलिमेंट्रीच्या परीक्षेला वस्तुचित्र असायचं, बादली आणि वीट, त्याला त्यांची हरकत नव्हती. पुढे आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स घेतला, तोही त्यांनी याच कारणानं पसंत केला. पाइपाला जीव नसतो.

तेव्हापासून मी पाइपच काढतोय. आधी ड्रॉइंग बोर्डवर, मग कॉम्प्युटरवर. लग्नानंतर दोन महिन्यांत सौदीला आलो आणि तेव्हापासून घर म्हणजे सुट्टी. आता आमच्या ऑफिसचं काम दुसऱ्या देशात हलवायचं ठरलंय. उन्हाळा सरला की माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, खलास, मी कायमचा घरी. ही बातमी मी बायकोला फोनवर सांगितली तेव्हा ती आधी "बरां झाला" म्हणाली. मग तिनं विचारलं, "पण तुमी दिवसभर करणार काय?"

तिचा काही वाईट हेतू नव्हता. पण तो प्रश्न माझ्या मनातून जाईना, कारण मलाही तेच विचारायचं होतं. मी सुट्टीला जातो तेव्हा घरात पाहुणा असतो. जेवायला चांगल्या प्लेट निघतात. कुठली मासळी आणू, असं रोज विचारलं जातं. घरातली बाकीची मंडळी स्टीलच्या पेल्यातून चहा पितात आणि मला हिरव्या काठाचा कप येतो, बशीसकट. मागच्या सुट्टीत एकदा दुपारी बायको जरा आडवी झाली होती, म्हणून म्हटलं आपणच चहा करू. स्वयंपाकघरात गेलो आणि चहाची पावडर सापडेना. मी एकेक डबा उघडत गेलो. हळद, रवा, सुकी मिरची, पुन्हा रवा. झाकणांच्या आवाजानं ती उठून आली, माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाली, "तुमी बसा." मी बसलो. स्वतःच्या पैशानं बांधलेल्या घरात मला चहाची पावडर सापडली नाही, याचा मला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. आता त्याच घरात उरलेलं आयुष्य काढायचं होतं. मला भीती वाटत होती, साधी सरळ भीती, की तिथे मला बसण्याशिवाय काही काम नसेल.

तर असं सगळं डोक्यात असताना ते पुस्तक हातात आलं.

चित्र बघायची मला एकच पद्धत माहीत, पट्टी लावायची. मी त्या मातीच्या जगाला पानोपानी पट्टी लावली. जग तोच होता, कानाचा टवका उडालेला, म्हणजे चुकायला जागाच नाही. पण माप कुठे म्हणून जुळेना. एका चित्रात पोट सुटलेलं, दुसऱ्यात सडपातळ. तोंडाचा गोल एका कोनातून काढलेला, बुडाचा दुसऱ्या. आमच्याकडे कुणी अशी शीट दिली असती तर चेकरनं लाल पेनानं रंगवून तोंडावर मारली असती. एवढ्या चांगल्या कागदावर छापण्याआधी कुणी तपासलं कसं नाही, असं मला खरंच वाटलं. पण पुस्तक टेबलावर उघडं ठेवून मी पलंगावर जाऊन बसलो की तिथून तो जग बरोबर दिसायचा. त्यात पाणी आहे आणि तो उचलला तर जड लागेल, इतका बरोबर. जवळ जाऊन पट्टी लावली की पुन्हा चूक. या गोष्टीनं मला चांगलंच सतावलं. म्हटलं, आता आपण एक वस्तू धडपणे काढून दाखवायची, म्हणजे वाद मिटेल.

घरात वस्तू होती किटली. माझा आणि माझ्या रूम-पार्टनरचा मिळून एक फ्लॅट आहे. तो रायगडकडचा, म्हसळ्याच्या बाजूचा, एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये काम करतो. किटली अॅल्युमिनियमची, पोटाला पोचा, दांड्याला चटका लागू नये म्हणून चिंधी बांधलेली. जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की तो झोपायचा आणि किटली मला मोकळी मिळायची. मी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, पेन्सिली आणल्या आणि बसलो. पहिलं चित्र झालं तेव्हा तो नुकताच उठून तोंड धुऊन आला होता. त्यानं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

"या किटलीची ऑर्डर देताव काय?" त्यानं विचारलं.

त्याचं म्हणणं रास्त होतं. मी किटली समोरून काढली होती, खाली टॉप व्ह्यू, शेजारी साइड व्ह्यू. मधोमध सेंटर लाइन. तोटीच्या तोंडाचा व्याससुद्धा लिहिला होता. आणि किटलीच्या पोटात तुटक रेघांचं जाळं. आमच्या कामात समोरून दिसत नाही पण मागे किंवा आत आहे, अशी गोष्ट तुटक रेघेनं दाखवतात. टाकीच्या मागून पाइप जात असेल तर तो दिसत नाही म्हणून सोडून चालत नाही. सोडला तर उद्या कुणी तिथेच दुसरा पाइप घुसवील. इतकी वर्षं हेच करून हाताला अशी खोड लागली होती की किटलीचा आतला तळ, तोटीचं पोटात उघडणारं भोक, पलीकडचा काठ, सगळं मी न विचारता काढून मोकळा झालो होतो.

"आतून कशी आहे ते कळायला नको?" मी म्हटलं.

"आतून काळी आहे. ती मला माहीत आहे," तो म्हणाला आणि किटली उचलून चहा टाकायला घेऊन गेला.

त्यानंतर मी पुस्तकाकडे जरा नम्रपणे पाहायला लागलो. चित्रकारानं तुटक रेघ कुठेच मारली नव्हती, हे तर उघडच होतं. पण तो त्याच्याही पुढे गेला होता. जे समोर होतं, त्यातलंही त्यानं सोडून दिलं होतं. पातेल्याची एक कड अंधारात जायची आणि तिथे त्यानं रेघच मारलेली नसायची. पातेलं कुठे संपलं आणि भिंत कुठे सुरू झाली, हे सांगायची त्याला गरज वाटलेली नव्हती. मला हे फार जड गेलं. जी गोष्ट आहे ती न दाखवणं म्हणजे माझ्या लेखी कामचुकारपणा. कितीतरी शुक्रवार असे गेले की मी मागची बाजू काढायची नाही असं ठरवून बसायचो आणि थोड्या वेळानं पाहावं तर हात आपला टिप टिप टिप तुटक रेघ मारतोय. मग खोडायचं. कागदाला भोकं पडली.

राबिघला वारा सुटला की खिडकीच्या काचेवर बारीक धूळ बसते, वर समुद्राची दमट हवा, मग ती धूळ चिकटून राहते. आम्ही दोघेही काच पुसणाऱ्यांतले नव्हे. एका शुक्रवारी त्या मळक्या काचेतून उतरतं ऊन आलं आणि किटलीची डावी बाजू खरोखरच दिसेनाशी झाली. पोच्याच्या खड्ड्यात तेवढा उजेड साठला होता. मी जे दिसलं ते काढलं आणि दिसलं नाही तिथे थांबलो. चित्र काही फार भारी नव्हतं. पण पलंगावर जाऊन बसलो तर तिथून ती आमची किटली दिसत होती. मला इतका आनंद झाला की मी पार्टनरला झोपेतून उठवलं. त्यानं एक डोळा उघडून पाहिलं, "यल्ला, आता चहा टाका" म्हणाला आणि कूस बदलली.

चित्राचा फोटो मी बायकोला पाठवला. तिचा फोन आला.

"किटली घासत नाय काय तुमी?"

"चित्र कसं आहे ते सांग."

"चित्र बरां हाय. म्हणून तर मळ दिसला." मग म्हणाली, "आपल्या घरातली किटली किती चकचकीत हाय. ती काढा."

व्हिडिओ कॉलवर मला बायकोचं कपाळ आणि अर्धा पंखा दिसतो. फोन समोर धरायची तिला सवय नाही आणि मी सांगून थकलो. म्हणून तिला म्हटलं, आपल्या स्वयंपाकघरातल्या फळीचा एक फोटो काढून पाठव, मी अख्खी फळीच काढतो. ती बरं म्हणाली. दोन दिवसांनी फोटो आला. फळीवर मी बऱ्याच वर्षांपूर्वी नेलेला काचेचा डिनर सेट मांडलेला, मध्ये प्लॅस्टिकची फुलं, खाली नवं प्लॅस्टिक अंथरलेलं, त्याच्या घड्याही मोडलेल्या नव्हत्या. मी मनात म्हटलं, झालं, फोटोतसुद्धा मी पाहुणाच.

मी जरा आवाज चढवून बोललो. "मला हे नकोय. रोज असते तशी फळी पाहिजे."

"रोजच्यात काय बघायचा हाय? डबे हायत नुसते."

"डबेच पाहिजेत."

ती रुसली. आठवडाभर कामापुरतं बोलली. मग एका दुपारी एकही शब्द न लिहिता तिनं फोटो पाठवला. फळी होती तशी. कमरेपर्यंत हिरवा ऑइलपेंट मारलेली भिंत, त्यावर खालून आलेला धूर. मिठाची बरणी, तेलकट झालेली. चकचकीत किटली एका टोकाला. पिठाचा मोठा पत्र्याचा डबा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लहानमोठे डबे. मी तो फोटो मोठा करून पाहायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की त्यातले निम्मे डबे माझ्या ओळखीचे आहेत. दुधाच्या पावडरीचे डबे, संत्र्याच्या सरबताच्या बरण्या, खजुराचा चौकोनी डबा. दर सुट्टीला मी कार्टनमध्ये भरून नेलेले. आतला माल संपला की ते टाकून देत असतील, अशी माझी समजूत होती.

त्या फळीला मला बरेच शुक्रवार लागले. फोटो सपाट असतो, कुठला डबा पुढे आणि कुठला मागे ते पटकन कळत नाही. मग मी फोन करून विचारायचो. खजुराच्या डब्यात काय असतं? मेथी. त्याचं झाकण वाकडं का? मुलगा लहानपणी त्यावर उभा राहिला होता. मिठाची बरणी कडेला का? ओला हात लागतो, म्हणून मोरीच्या बाजूला. पूर्वी आमचं बोलणं तब्येत, पाऊसपाणी आणि कुणाचं लग्न ठरलं, एवढ्यात आटपायचं. आता बायको बोलता बोलता डब्यांवरून कुठे कुठे जायची. सरबताच्या बरणीवरून तिनं मला पोर तापानं फणफणलं होतं ती सगळी रात्र सांगितली. ती मला तोवर माहीत नव्हती. तेव्हा मी सौदीतच, जुबेलला कामावर होतो आणि नंतर फोनवर "आता बरा हाय" एवढंच कळलं होतं. एका दुधाच्या डब्याचा मला चक्क हेवा वाटला. माझ्यापेक्षा तो जास्त दिवस त्या घरात राहिला होता.

चहाची पावडर कुठे असते तेही कळलं. डावीकडून तिसरा, पिवळा डबा, गंज आलेला. सुट्टीत मी तो उघडलाच नव्हता, रिकामा असेल म्हणून.

चित्र मागच्याच महिन्यात पुरं झालं. पुस्तकातून शिकलेलं सगळं मी त्यात घातलं. धुरकट कोपऱ्यातल्या बरणीची कड सोडून दिली. पिठाच्या डब्याला एकाच बाजूनं उजेड दिला. पट्टी ड्रॉवरमध्येच राहू दिली. संबंध कागदावर एक तुटक रेघ नव्हती, याचा मला अभिमान वाटत होता. पार्टनर बाजारातून मासळी घेऊन आला होता, ती सिंकमध्ये टाकून त्यानं ओले हात मागे धरून बराच वेळ पाहिलं. "हे घर वाटतंय," तो म्हणाला. फोटो काढून मी बायकोला पाठवला. दिवसभर काही उत्तर आलं नाही. मी ऑफिसात दर थोड्या वेळानं फोन पाहत होतो, नव्या नवरदेवासारखा. संध्याकाळी तिचा फोन आला.

"सगळां बरोबर हाय," ती म्हणाली. "झाकणसुदा वाकडाच काढलंत. पण एक राहिला."

"काय राहिलं?"

"तुमचा कप."

मी म्हटलं थांब, आणि तिनं पाठवलेला फोटो उघडला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटानं सरकवत पाहिला. कप कुठेच नव्हता. तसं तिला सांगितलं.

"दिसणार कसा? पिठाच्या डब्याच्या मागं हाय. हिरव्या काठाचा. तुमी गेलाव की मी तो धुऊन मागं ठेवतंय. दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून. पोरगा आला तरी त्याला नाय देत."

इतकी वर्षं मी तो पाहुण्यांचा कप समजत होतो. दर सुट्टीला तो बशीसकट समोर आला की मला खुपायचं. आणि पाहुण्यांना, तिनं मग सांगितलं, काचेचे ग्लास असतात, ते वरच्या माळ्यावर. त्या कपाला घरात दुसऱ्या कुणाचं तोंड लागलेलं नव्हतं.

"मी दिसतं तेवढंच काढतो आता," मी कसंबसं म्हटलं. "तसंच काढायचं असतं."

"मग फोटो दुसरा पाठवू? कप पुढं काढून ठेवतंय."

"नको. असू दे तिथेच. मी आलो की माझा मीच काढून घेईन. कुठे आहे ते कळलं."

ती हसली. "आणि पावडर?"

"तिसरा डबा. पिवळा."

फोन ठेवल्यावर मी चित्र पुन्हा टेबलावर घेतलं. पार्टनर मासळी साफ करत होता, नळ चालू होता. पिठाच्या डब्याला मी फार मन लावून उजेड दिला होता, त्यावर काही करायला हात धजेना. पण पेन्सिलीला टोक केलं, ड्रॉवरमधली पट्टीही बाहेर काढली, आणि डब्याच्या बरोबर मधोमध तुटक रेघांनी एक कप काढला, कानासकट, बशीसकट.